छत्रीवाली बकरी

“मावशी, ते गाणं ह्या पुस्तकात नाई. ज्या पुस्तकात असंन, ते द्या मले.”

पियूषनं मागच्या बाजारी घेतलेलं पुस्तक मथुराबाईच्या ताडपत्रीवर आपटलं. दारव्ह्याचा बाजार भरात होता. ताडपत्रीवर लहान पोरांच्या गाण्यांची रंगीत चित्रांची पुस्तकं मांडलेली. त्याचं बोट धरून त्याची चिमुरडी उर्वशी उभी होती, गाल फुगवून.

“रोज झोपाच्या वक्ती रडते. म्हणते, पप्पा, तुम्ही चुकीचं वाचून राह्यले. आता छापलं तेच वाचणार ना मी? हे पाहा.” त्यानं छत्रीवाल्या बकरीचं पान उघडलं. “नील नभाच्या प्रांगणात, शेळीताई निघे वनात.”

“तसं नाई!” उर्वशी किंचाळली. तिनं मथुराबाईकडे बोट दाखवलं. “ही आजी म्हणे तसं!”

शेजारची बांगड्यावाली लालीबाई फिसकन हसली. “मथुरे, कोन्तं गाणं विकलं वं त्यायले?”

मथुराबाईनं नाकावरचा चष्मा सावरला.

डोमाजी होता तेव्हा तो वाचायचा, ही गिऱ्हाईक बोलवायची. नवरा गेला, धंदा राहिला. मग तिनं त्याचाच चष्मा नाकावर चढवला, पुस्तक तोंडासमोर धरलं आणि चित्र पाहून सुचेल ते म्हणू लागली. कोणाला पत्ता लागला नाही. तिच्या माहेरी घरासमोरच शाळा होती. बापानं भावाला घातलं, तो चौथीतून पळून आला. हिला शेण काढायला ठेवलं. बापाला लाज वाटली नाही, भावाला वाटली नाही, रोज हिच्या डोळ्यांदेखत घंटा वाजवणाऱ्या मास्तरालाही नाही. सगळ्यांनी लाज हिच्या पदरात टाकली आणि मोकळे झाले. आणि ही बाई ती आजवर सोन्यासारखी लपवून बसली होती.

ते पुस्तक संपलं, पुढच्या बाजारी आणते, असं म्हटलं की सुटली असती. शब्द ओठांवर आलेही होते. पण पोरगी टक लावून पाहत होती. ती पुढच्या बाजाराची वाट पाहील, मग त्याच्या पुढच्या.

“ते पुस्तक कुठंच नाई, भाऊ. मले वाचता येत नाई. चित्र पाह्यलं अन् तोंडाले आलं ते म्हटलं.”

येणारे-जाणारे थबकले. मागून कोणीतरी बोललंच, “घ्या! आंधळी आरसे विकून राह्यली!”

हशा झाला.

“म्हणजे फसवलं तुम्ही,” पियूष म्हणाला.

“फसवलं. घे पैसे वापस.”

त्यानं घेतले. का घेऊ नयेत? पुस्तक ताडपत्रीवर टाकून तो निघाला. उर्वशी मान मागे वळवून ओढली जात गेली.

“खोटं बोलता नाई आलं का वं तुले?” लालीबाई आता हसत नव्हती. “काहून सांगतलं चारचौघात? आता कोन थांबन इथं? चाल, आवर दुकान.”

“कायले आवरू? चोरीचा माल हाय का?”

मथुराबाईनं चष्मा काढून पिशवीत टाकला. डोमाजीच्या नंबरातून बकरी तिला कायम धुरकट दिसायची. आज तिचे चारही खूर लख्ख दिसले, छत्रीची एक काडी मोडलेलीही दिसली. तिनं पान लोकांकडे फिरवलं आणि बाजाराच्या गोंगाटावरून जाईल असा आवाज लावला:

“बकरी गेली दारव्ह्याले,
छत्री घेतली मिरवाले,
पाऊस काही येईना,
बकरी छत्री मिटेना!”

दोघं-तिघं हसले. एक बाई पोराला पुढे ओढून निघून गेली. घेतलं कोणीच नाही.

मथुराबाईनं बोट ओलं केलं, पान उलटलं. सायकलवर बसलेला हत्ती होता. त्याच्यासाठी अजून काही सुचलेलं नव्हतं. तिनं हत्तीकडे नीट पाहिलं आणि घसा खाकरला.