गुरुवारचा नंबर

साहेब भोरवरून स्वतः पानशेतच्या बंगल्यावर येणार म्हणजे एक तर पगारवाढ, नाहीतर नारळ. बाळाबाईंनी तरीही चहाला आधण ठेवलं.

गेल्या शुक्रवारी पाहुणे आले तेव्हा दार उघडं, फरशी पुसलेली, बंबात पाणी तापलेलं. खूश व्हायचं सोडून पाहुण्यांना घामच फुटला. नव्या कुलपाचा नंबर फक्त त्यांच्याच मोबाईलवर आला होता. मग ही बाई आत शिरली कशी, अशी तक्रार थेट साहेबांकडे गेली.

शरच्चंद्र साहेबांबरोबर ते कुलूप बनवणारी स्नेहल आली होती.

"बाळाबाई, खरं सांगा. नंबर कुणी दिला तुम्हाला?"

"कुणी न्हाई."

"मावशी, असं होऊच शकत नाही," स्नेहल म्हणाली. "दाराजवळच्या या कुलपाच्या पेटीतून नंबर पाहुण्यांच्या मोबाईलकडे निघतो तोच बंद लखोट्यासारखा. वाटेत कुणाला वाचता येत नाही."

अकरा वर्षं बाळाबाई हा बंगला सांभाळत होत्या. एका पाहुणीचं विसरलेलं मंगळसूत्र एसटीनं पुण्याला नेऊन दिलं होतं. त्यांचा आवाज जरा चढलाच.

"वाटेत कशाला वाचू? निघायच्या आदीच ठावं असतो की!"

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर आपटलं. "पाहुणे जाताना झाडलोटीसाठी नंबर सांगून जात्यात, त्यो म्या हितं लिवते. गुरुवारी दिसभर लाईट नसती. लाईट आली की तुमचा डबा शुक्रवारच्या पाहुण्यांचा नंबर काढतो. चार एक सात तीन. पुढच्या शुक्रवारी? चार एक सात तीन. पाच आठवडं पायरीवर बसून वाट बघितली. सहाव्याला म्हणलं, त्योच असंल, तर पाणी तरी तापवून ठिऊ."

स्नेहलनं पेटीला पाहुण्यांच्या जागी स्वतःचा मोबाईल जोडला, मेन स्विच पाडला, पुन्हा वर केला. पेटी जागी झाली. मोबाईल वाजला.

४१७३.

"अगं बाई," स्नेहल खुर्चीतच बसली. "लाईट गेली की हिचं घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं. आणि मी नंबर घड्याळावरून काढलाय. लखोटा एवढा भक्कम केला, पण आतली चिठ्ठी दरवेळी तीच."

"बाकीच्या चार बंगल्यांनाही हीच पेटी आहे," साहेब हळूच म्हणाले.

"चारी उघडत्यात," बाळाबाई म्हणाल्या. "दाबून बघितलं. आत पाऊल न्हाई टाकलं हां."

साहेबांनी कपाळ पुसलं, मग त्या पाहुण्यांना फोन लावून स्पीकर चालू केला. "चूक आमच्या कुलपाची होती. आमच्या बाळाबाईंचा काही दोष नाही. त्या इथंच राहणार आहेत."

पलीकडून पाहुणी म्हणाली, "बरं झालं. आम्ही महिनाअखेरीला पुन्हा येतोय. पाणी आधीच तापवून ठेवतील ना त्या?"

बाळाबाई फोनवर वाकल्या. "ठिवीन की. पर आता ही पोरगी कुलूप नीट करणार हाय. तवा नंबर तुमालाच सांगावा लागंल."