नातवंडांनी कुदळी टाकल्या

कांबालामे साहेबांना विद्यापीठ चालवता येत होतं, हे त्यांच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. कुलगुरू भाषणं करायचे, प्राध्यापक आपसांत भांडायचे, आणि चालवायचा मात्र हा माणूस. पदाचं नाव ऑपरेशन्स मॅनेजर. वीज गेली की जनरेटरवाल्याच्या आधी यांना कळायचं. वसतिगृहाच्या टाकीत पाणी किती उरलंय, परीक्षेच्या हॉलमधल्या किती खुर्च्या मोडल्यात, कुठली किल्ली कोणाच्या खिशात आहे, सगळं डोक्यात. पदवीदानाच्या दिवशी ऐन वेळी मांडव कोसळला, तेव्हा त्यांनी पाहुण्यांच्या हातात चहा ठेवला आणि तेवढ्या वेळात सगळा समारंभ ग्रंथालयासमोरच्या झाडांखाली हलवला. पाहुण्यांना वाटलं, ठरलेलंच होतं. मी तिथे नळांचं काम पाहतो. त्यांची बोलणी मी पोटभर खाल्ली आहेत, तरी सांगतो, असा माणूस पुन्हा मिळायचा नाही.

खोड एकच. समोर कोणी काम करताना दिसलं की त्यांना गप्प राहवत नसे.

फाटकावरचा पहारेकरी चिकोपा, त्याची बायको एनिफा वारली. आमच्याकडे नोकरमाणसाच्या घरी मयत झालं की शवपेटी आणि बस विद्यापीठाची असते. ती व्यवस्था साहेबांच्याच खात्यात. अशी कितीतरी मयतं त्यांनी पार पाडली होती, कधी पेटी उशिरा आली नाही की बसमधलं डिझेल संपलं नाही. पण ते स्वतः कधी जात नसत. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि शेळ्या खरोखर हाकल्याही जायच्या, म्हणून कोणी बोलत नसे.

या वेळी अडचण झाली. त्याच दिवशी संध्याकाळी विमानतळावर मान्यता समिती उतरणार होती. नव्या इंजिनिअरिंग विभागाला परवानगी द्यायची की नाही ते तिच्या हातात. आणि दुसरी बस वर्कशॉपमागे विटांवर उभी, तिचा एक भाग जोहान्सबर्गहून यायचा होता. म्हणजे समितीला आणायला मयताचीच बस दुपारी परत यायला हवी. ती परत आणायला साहेब स्वतः निघाले. इस्त्रीची पँट, चकचकीत बूट, हातात फोन.

शवागारातून पेटी घेऊन बस चिल्वा तळ्याच्या रस्त्याला लागली. मागे बायका भजनं म्हणत होत्या. साहेब पुढच्या सीटवर, शेजारी मी.

"खड्डा कधीपर्यंत होईल?" त्यांनी विचारलं.

"होईल तेव्हा होईल, साहेब."

"हे काय उत्तर झालं?"

"आमच्या गावी तरी हेच असतं. तुमच्या गावी काय सांगतात?"

ते हसले. "आमच्याकडेही हेच."

हे मी मुद्दाम सांगतोय. नंतर 'त्यांना रीत ठाऊक नव्हती' असं म्हणायची सोय राहिली नाही.

खड्डा खणणाऱ्यांना आम्ही नातवंडं म्हणतो, मग त्यांच्या दाढ्या पांढऱ्या का असेनात. एरवी ती गावातली साधी माणसं. पण मयताच्या दिवशी राज्य त्यांचं. पहिलं जेवण त्यांना. ती वडीलधाऱ्यांची वाट्टेल तशी टिंगल करणार, आणि ज्याची केली त्यानं हसायचं. गावचा मुखियासुद्धा खड्ड्यापाशी जाताना चपला काढतो आणि परवानगी मागतो. आणि त्यांना 'आटपा' म्हणायचं नाही. काही झालं तरी नाही. नातवंडांनी कुदळ टाकली तर ती दुसऱ्या कोणी उचलायची नसते.

शिवाय हे गाव एनिफाचं. आमच्या भागात जावई बायकोच्या गावात राहतो आणि मान खाली घालून राहतो. तिकडे तुमच्या देशात जावयाला पाट देतात म्हणे. इथे त्याच्याकडून कौलं चढवून घेतात. त्यातून हा जावई बायकोला घेऊन शहरात गेलेला, आणि आता पेटीत घालून परत आणतोय. सासुरवाडीचं लक्ष त्याच्यावरच होतं.

पेटी घरात ठेवली. बायका आत बसल्या, पुरुष आंब्याखाली. चिकोपा भिंतीलगत चटईवर होता, खांद्यावर घोंगडी. साहेब समोर येताच तो सवयीनं उठून सलाम करायला लागला. शेजारी बसलेल्या एनिफाच्या मामानं त्याला हात धरून खाली बसवलं. साहेब दोन्ही हातांनी त्याचा हात धरून चार शब्द बोलले, चांगले बोलले. मग घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात निरोप आला की खड्ड्यात झाडाचं जाडजूड मूळ लागलंय, वेळ लागेल.

"मी बघून येतो," साहेब म्हणाले.

"नका जाऊ," मी म्हणालो.

"नुसतं बघतो."

मला तेव्हाच त्यांचा हात धरता आला असता. पण साहेबाचा हात कोण धरणार? मी मागोमाग गेलो.

आमची स्मशानं म्हणजे दाट राई. तिथलं झाड कोणी तोडत नाही. आत गारवा होता. खड्ड्यात दोघं मुळावर घाव घालत होते, बाकीचे काठावर बसून त्यांना शिव्या देत होते. त्यांचा म्होरक्या फ्लायटन, एरवी बाजारात सायकली दुरुस्त करतो. साहेब बुटांसकट काठावर जाऊन उभे राहिले, हात कमरेवर.

"आजोबा पाहणीला आलेत," फ्लायटन म्हणाला. सगळे हसले. इथवर ठीक होतं.

"आत दोघंच कशाला?" साहेब म्हणाले. "पाळ्या करा ना. दोघं मुळावर, दोघं मातीवर, बाकीचे विश्रांतीला. मग बदला. एवढी माणसं नुसती बसून आहेत. आणि ती माती लांब टाका, पुन्हा आत घसरतेय."

मी खोकलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आणि जरा हात चालवा रे. बस परत न्यायचीय."

फ्लायटननं हातातली भाकर खाली ठेवली. आतल्या दोघांना म्हणाला, "या रे वर. मयताची बस चुकतेय."

दोन कुदळी खड्ड्यातून वर येऊन साहेबांच्या बुटांपाशी पडल्या.

"साहेबांना काम येतं," फ्लायटन म्हणाला. "ते खणतील, आपण बघू."

"अहो, माझा तसा अर्थ नव्हता."

"मग कसा होता?"

मुखियाचा माणूस धावत आला, हात जोडून म्हणाला की दंडाची कोंबडी देतो, बकरा देतो. फ्लायटन म्हणाला, "बकरा तुमचा तुम्ही खा. आम्ही इथे रोजंदारीवर आलोत का, एवढंच त्यांना विचारा."

त्या क्षणी साहेबांनी गुडघे टेकले असते तर तिथल्या तिथे मिटलं असतं. एवढीच रीत आहे. लहान पोरालाही ठाऊक असते. मला वाटतं ते टेकणारही होते, कारण त्यांनी पँट मांडीपाशी थोडी वर ओढली होती. पण फोन वाजला. आणि त्यांनी फोनकडे पाहिलं.

नातवंडं उठली आणि पाठ फिरवून दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसली.

ऊन चढत होतं. पेटी सकाळपासून बर्फाबाहेर होती. आमच्याकडे सूर्य बुडाल्यावर पुरत नाहीत, म्हणजे खड्डा झाला नसता तर एनिफाला त्या उन्हाळ्यात अजून एक रात्र घरात ठेवावं लागलं असतं. घरातली भजनं थांबली होती. थांबली म्हणजे बातमी तिकडे पोचली. मला तिथून कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं. साहेब आमचे होते ना. गावाच्या डोळ्यांत तो माणूस आम्ही आणलेला होता.

मग राईच्या वाटेनं चिकोपा येताना दिसला. एकटा, अनवाणी, घोंगडी तशीच. विधुरानं मयताच्या आधी स्मशानात पाऊल टाकायचं नसतं. त्याला पाहून नातवंडं चपापून उभी राहिली. तो आमच्या शेजारून गेला, साहेबांना वाट द्यावी तसा जरा कडेनं गेला, आणि फ्लायटनसमोर गुडघ्यांवर बसला. तळवे पोकळ धरून त्यानं हळू टाळ्या वाजवल्या, थोरांपुढे वाजवतात तशा.

"नातवांनो, चूक माझी आहे. माणूस माझ्याबरोबर आलाय."

"तू ऊठ बाबा," फ्लायटन म्हणाला. "तू इथे यायचं नव्हतंस."

"माहीत आहे. पण दुसरं कोणी गुडघे टेकेना."

तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं ते अगदी सरळ सांगितलं, फाटकावर 'आत गाडी उभी करायला जागा नाही' सांगायचा तसं.

"साहेब वाईट नाहीत," तो पुढे म्हणाला. "त्यांना कामाची सवय आहे. तिला उन्हात ठेवू नका, एवढंच मागतो."

फ्लायटनची नजर दुसरीकडे वळली. त्याचीही मान खाली गेली होती. त्यानं चिकोपाला काखेत हात घालून उठवलं, मुखियाच्या माणसाबरोबर परत पाठवलं, आणि येऊन साहेबांच्या बुटांपाशी पडलेली कुदळ उचलली. साहेबांकडे न बघता उचलली.

आता साहेबांनी गुडघे टेकले. त्या ओल्या मातीत, इस्त्रीच्या पँटीनिशी. पण नातवंडं खड्ड्यात उतरली होती आणि कोणीच बघत नव्हतं. ते तसेच बसून राहिले. शेवटी मीच त्यांना उठवलं. ते माझ्याशीही नजर मिळवेनात.

सूर्य बुडायच्या जरा आधी एनिफाला माती मिळाली. फोन वाजून वाजून बंद पडला होता. कुलगुरूंनी स्वतःच्या गाडीतून आणि भाड्याच्या टॅक्सींतून समितीला आणलं, ते आम्हाला नंतर कळलं. माती झाल्यावर मामानं रीतीप्रमाणे आभार मानले: विद्यापीठानं पेटी दिली, बस दिली, आणि मोठे साहेब जातीनं आले. एक शब्द टोचून नाही. त्यांना बोलायला पुढे बोलावलं. साहेबांनी खिशातून टाइप केलेला कागद काढला, त्याच्याकडे पाहिलं, परत घडी घातली. मग मामानंच भजन सुरू करून त्यांची सुटका केली.

आम्ही बसमध्ये चढलो. चिकोपा खिडकीपाशी आला.

"साहेब, आमच्यामुळे तुमचा खोळंबा झाला," तो म्हणाला. "पाहुणे रागावले असतील. ऑफिसात कोणी विचारलं तर माझं नाव सांगा."

साहेब खिडकीतून त्याच्याकडे बघत राहिले. मग उठले आणि खाली उतरले. ड्रायव्हरला म्हणाले, "तू जा." मी का उतरलो ते मला सांगता येणार नाही. एकट्याला सोडवेना.

रात्री मयताच्या घरी पुरुष अंगणात झोपतात. चटया अंथरलेल्या होत्या. कोणी साहेबांना 'या' म्हटलं नाही, 'जा' म्हटलं नाही. ते एका कोपऱ्यात टेकले. पलीकडे नातवंडं जेवत होती. तेवढ्यात एनिफाचे एक थोरले आजोबा येऊन बसले. तळ्यापलीकडून होडीनं आले होते, म्हणून मातीला पोचले नव्हते. डोळ्यांत मोतीबिंदू. हातानं चाचपत त्यांनी साहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पँटीवरची माती वाळून कडक झाली होती.

"तू मयताचा कोण रे?"

फ्लायटन घास हातात धरून बघत होता.

"मी... बस घेऊन आलो होतो, आजोबा."

"असं होय. ड्रायव्हर." म्हाताऱ्यानं आपल्यापुढची उकडीची थाळी चाचपत त्यांच्याकडे सरकवली. "मग आधी तू जेव, बाबा. तुझ्यामुळे आमची लेक घरी आली."

कोणी म्हाताऱ्याची चूक सुधारली नाही. फ्लायटननंही नाही. साहेबांनी हात धुतले, एक घास मोडला, आणि तो तोंडापर्यंत न्यायला त्यांना फार वेळ लागला.