कोऱ्या मशीनवरचा आवाज

नागसेनकाकांची नजर गेली, तेव्हा संबोधीनं त्यांच्यासाठी मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम लिहिला. महूला पलटणीत कारकुनी केलेला माणूस. पेपर ऐकल्याशिवाय चहाला हात लावत नसे.

हा प्रोग्राम तिनं लिनक्स या मोफत कॉम्प्युटर-प्रणालीच्या एका भांडारात पॅकेज म्हणून ठेवला होता. भांडार मोठं अजब. तिथं रोज काहीतरी नवं येतं, आणि खालचं बदललं की त्यावर टेकलेली पॅकेजं पुन्हा बनवून पाहतात. बनलं नाही की मुदत मिळते, मग यादीतून नाव खलास. संबोधीची मुदत रविवारी दुपारी बाराला संपत होती. ती चुकली, तर पुढच्या अपडेटला काकांचा कॉम्प्युटर मुका होणार होता.

"भिया, माझ्याकडे तर मस्त बनतंय," तिनं रविवारी सकाळी हृषीकेशला फोनवर सांगितलं. तो भांडार सांभाळणाऱ्यांतला, महूकडचाच.

"तुझ्या मशीनवर चार वर्षांचं सामान पडलंय. कोऱ्यावर बनव, फिर बोल."

कोऱ्या मशीनवर दुसऱ्याच मिनिटाला गाडी अडली. झालं असं, की उच्चारांची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, संबोधी बाईसाहेबांनी कधीकाळी स्वतःच्या मशीनवर हातानं टाकली आणि पॅकेजला काय काय लागतं त्या यादीत लिहायचीच विसरल्या. भांडारात ती दुसऱ्याच एका पॅकेजच्या मागं मागं आपसूक यायची. गेल्या आठवड्यात त्या पॅकेजनं लायब्ररीचा हात सोडला. चूक तिची, आणि एवढी वर्षं झाकली कोणी, तर एका अनोळखी पॅकेजनं.

तिनं ती एक ओळ लिहून पाठवली. अकरा वाजता भांडाराचं मशीन रिकाम्यापासून सुरू झालं. एकेक पॅकेज उतरू लागलं, दोनशे बारा, आणि प्रत्येकापुढं सांभाळणाऱ्याचं नाव. कुठली कुठली नावं, काही तर तिला वाचताही येईनात. यातल्या एकानं जरी हात वर केले असते तर काका पेपरला मुकले असते, आणि त्यांना काका ठाऊकसुद्धा नव्हते. संबोधीला भरून आलं. अकरा चाळीसला पॅकेज बनलं.

तिनं काकांच्या कॉम्प्युटरवर अपडेट घातलं. नऊशे पॅकेजं बदलली. मग पेपर सुरू झाला.

काकांनी पहिली बातमी पुरती ऐकली आणि तोंड वाकडं केलं.

"सकाळपासून एवढी खटपट केलीस, पण आवाज तर तोच आहे की."

"हो काका," ती डोळे पुसत म्हणाली, "तोच आहे."

काकांनी चहाचा कप उचलला.