पुलाखालच्या कुरणाची परवानगी

पुलाखालचं नदीकाठचं कुरण गावाचं आहे, हे ऑक्सलीत कुणी कधी नाकारलं नाही. ते नगरपालिकेकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या शेजारच्या नौका क्लबनेही नाही. क्लबचं म्हणणं इतकंच होतं, की कुरण गावाचं असलं तरी त्याला कुंपण घालावं आणि आत फक्त सभासदांनी यावं. नगरपालिका तयारच होती.

मग आमची समिती झाली. समिती म्हणजे मुख्यतः हिल्डा थ्रॉसेल. पूर्वी ती गावात टपाल वाटायची, त्यामुळे तिला प्रत्येक दार माहीत. तिने कायदा शोधून काढला. गावकरी एखाद्या जागेत वीस वर्षं खेळत-बागडत असतील, तेही चोरून नाही, भांडून नाही आणि परवानगी घेऊनही नाही, तर ती जागा कायमची मोकळी राहते. परवानगी घेतली असेल तर मात्र संपलं. दिलेली परवानगी काढूनही घेता येते.

हिल्डाने एकशे चौदा जबाब गोळा केले. कुणीच कधी विचारलं नव्हतं. माझ्याकडे ती सगळ्यांत शेवटी आली, कारण माझी तिला खात्री होती. बावीस वर्षं दर जूनमध्ये मी तिसरीची मुलं त्या कुरणात नेली होती. जाळीने मासोळ्या धरायच्या, बरणीत नीट बघायच्या, वहीत लिहायच्या आणि परत नदीत सोडायच्या.

"मी विचारलं होतं," मी म्हटलं. "क्लबला. दरवर्षी पत्र लिहून. मुलांना मी तेच शिकवायचे ना, आधी विचारावं म्हणून."

हिल्डाने चहाचा कप खाली ठेवला. "बाई, अख्ख्या गावात एकट्या तुम्हीच शहाण्या निघालात."

सुनावणी चर्चच्या सभागृहात झाली. चौकशी अधिकारी बाहेरगावचे होते आणि त्यांना सर्दी झाली होती. क्लबचे चिटणीस लव्हलॉक निळी फाइल घेऊन आले. तीत माझी बावीसच्या बावीस पत्रं तारखेवार लावलेली होती. क्लबच्या वकिलांनी ती सगळी वाचून दाखवली आणि अक्षराचं कौतुक केलं. हिल्डा छताकडे बघत होती.

अधिकाऱ्यांनी नाक पुसून विचारलं, उत्तरं कुठे आहेत? वकिलांनी फाइल चाळली. मग लव्हलॉकनी चाळली.

"उत्तर कधी आलंच नाही," मी म्हटलं.

लव्हलॉकनी खुलासा केला. नाही म्हणणं उद्धटपणाचं दिसलं असतं आणि हो म्हटलं तर पायंडा पडला असता. म्हणून क्लबने पत्रं जपून ठेवली. सभागृहातल्या निम्म्या लोकांनी मान डोलावली. त्यांनीही तेच केलं असतं.

"तरी तुम्ही मुलांना नेलंत," अधिकारी म्हणाले. "त्यांना काय सांगितलंत?"

मला भीती होती ती याच प्रश्नाची. मागच्या तीन रांगांत माझे विद्यार्थी बसले होते. काहींना टक्कल पडलेलं होतं. खोटं बोलल्याबद्दल त्यांतल्या बहुतेकांना मी कधी ना कधी मधल्या सुट्टीत वर्गात बसवून ठेवलं होतं.

"परवानगी आली, असं सांगितलं," मी म्हटलं. "दरवर्षी. ते खोटं होतं."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. पेनाचा आवाज येत होता.

"आम्हाला ठाऊक होतं, बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

तो क्लाइव्ह ट्रँटर होता. काय ते उभं राहून, खिशातला हात काढून सांग, असं मी त्याला बजावलं. तो आता एक्केचाळीस वर्षांचा आहे. त्याने हात काढला.

"क्लबची माणसं गच्चीत येऊन दुर्बिणीतून आमच्याकडे बघत बसायची," तो म्हणाला. "आम्ही हात हलवायचो. त्यांनी एकदाही हलवला नाही. परवानगी देणारी माणसं अशी वागतात होय?"

अधिकाऱ्यांनी त्याचं नाव आणि पत्ता विचारला. मग त्याच्या मागून आणखी अकरा जण एकेक करून उठले आणि दुर्बिणीबद्दल बोलले.

निकाल सहा आठवड्यांनी लागला. परवानगी मागितली गेली, पण दिली गेली नाही, असं त्यात म्हटलं होतं. कुरण मोकळं राहिलं.

पण सुनावणीच्या दिवशी, खुर्च्या उचलून ठेवताना, मी क्लाइव्हला विचारलं, ठाऊक होतं तर इतकी वर्षं बोलला का नाहीस?

"तुम्ही इतक्या खुशीत असायचात, बाई," तो म्हणाला. "म्हटलं, कशाला मोडता घाला."