सळई आणि तो कॅमेरेवाला

मी सळई बोलतेय. गुडघा बदलायच्या ऑपरेशनातली, चांगली हातभर लांब. मांडीच्या हाडात भोक पाडून मला आत सरकवायचं आणि मी दाखवीन त्या दिशेने हाड कापायचं, हा आमच्या डॉक्टरांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. एक डोळा मिटून ते माझ्यावर नजर लावत आणि म्हणत, "बरोबर!" त्या एका शब्दावर मी जगले.

मग तो कंप्युटर आला. हाडाला खुंट्या ठोकायच्या, त्यांवर चकाकते गोळे लावायचे, आणि याने कॅमेऱ्यातून ते बघून पडद्यावर आकडे सांगायचे. जावयाचे नसतील एवढे त्याचे लाड! मध्ये कुणी आलं की साहेबांना दिसत नाही. एरवी कुणासाठी तसूभर न हलणारे डॉक्टर याच्यासाठी अंग चोरून उभे राहतात. माझा नुसता तिळपापड होई.

पण थोरली सिस्टर माझी होती. मला पुसताना म्हणायची, "वीज गेली की बघू, हा काय आकडे सांगतो ते."

जन्मभर उभं राहून तिचेच गुडघे गेले. टेबलावर ती आडवी झाली; कमरेखाली भूल, तोंड मात्र चालू. "डॉक्टर, आपल्या सळईनेच करा हं."

मला आकाश ठेंगणं झालं.

डॉक्टरांनी एक्स-रेकडे बोट केलं. "सिस्टर, तुमची लहानपणी मोडलेली मांडी वाकडी जुळलीय. सळई मध्येच अडेल. जोर केला तर हाड फुटेल."

"मग?"

"कॅमेऱ्यानेच करू."

"बरं. तुम्ही म्हणाल तसं."

खोटं कशाला बोलू? त्याचे डोळे फुटोत, असं मी ट्रेमध्ये पडल्या पडल्या म्हणत होते. आणि ऐन कापायच्या वेळी आकडे खरंच गायब! सवयीने डॉक्टरांचा हात माझ्याकडे आला. माझी पाचावर धारण बसली. समोर तिचं हाड होतं.

"सर, तुमचा खांदा मध्ये येतोय," मदतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डॉक्टर सरकले. आकडे परत आले. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि लगेच पुन्हा जळू लागले.

तीन महिन्यांनी ती कामावर आली, काठीशिवाय, ताठ. मी कपाटात होते. ती थेट त्याच्याकडे गेली, मऊ फडक्याने कॅमेरा पुसला आणि हळूच म्हणाली, "शहाणा आहेस रे."

वाचकहो, ती सरळ चालते हे मला बघवत नाही, असं समजू नका. बघवत नाही ते एवढंच, की ते माझ्यावाचून जमलं.