साधी प्लेट

तनुजाच्या बुरशीला जिवंत मूळ लागायचं, त्याशिवाय ती जगायची नाही. म्हणून अर्धापूरच्या केळीच्या मुळांतून आणलेली ती बुरशी तनुजाने काचेच्या प्लेटमध्ये, गाजराच्या मुळांवर पोसली होती. जीन गनने सोन्याची बारीक धूळ तिच्या बीजाणूंवर मारायची. धुळीला जेलीफिशचा जीन चिकटवलेला. तो बीजाणूत बसला, तर निळ्या उजेडात बीजाणू हिरवा चमकायचा.

नांदेडच्या त्या प्रयोगशाळेत बापूसाहेब सरांनी तिला बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत एक चमकला तर मुदतवाढ. न्हाई तर टेबल रिकामं करा आन उमरीची गाडी धरा."

चमकला. धावतच जाऊन तिने सरांना सांगितलं. सर नुसतं "वा" म्हणाले, आणि शनिवारी लातूरहून पाहुणे प्राध्यापक बोलावले.

शनिवारी मायक्रोस्कोपखाली प्लेट सरांनी स्वतः ठेवली.

"या तनुजाबाई. काय दिसून राहिलंय, सांगा पाहुण्यांना."

तिने डोळा लावला. आत हिरव्या ठिणग्याच ठिणग्या. "जीन बसला सर," ती म्हणाली. आवाज कापत होता.

"किती बीजाणूंत?"

"सगळ्याच."

"सगळ्याच? लई नेम हाय तुमचा."

पाहुणे हसले. आपलं कौतुक चाललंय असं वाटून तीही हसली. मग सरांनी प्लेट काढून तिच्या हातात दिली. झाकणावर तिच्या शेजारच्या टेबलावरच्या श्रीनाथच्या अक्षरात लिहिलं होतं: साधी. गन न मारलेली.

"ह्या बुरशीचे बीजाणू जुने झाले की निळ्या उजेडात आपोआपच चमकत्यात," सर पाहुण्यांना म्हणाले. "बाईंनी साधी प्लेट कधी बघितलीच न्हाई."

बघणार कधी? निळा दिवा महाग म्हणून सर तिला आठवड्यातून अर्धाच तास देत. तेवढ्यात गन मारलेल्या प्लेटाच बघून संपत नसत. हे ओठांवर आलं, पण मुदतवाढ सरांच्या हातात होती.

चहाच्या वेळी श्रीनाथ हळूच म्हणाला, "ताई, सांगणार होतो मी. पण सर म्हणले, मजा जाईल."

संध्याकाळी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "वाढ देतो. कामाचं माणूस हाय तुमी. फक्त दर वर्षी नव्या पोरांना हे करून दाखवायचं. मी विचारायचं, तुमी सांगायचं. जन्मभर विसरणार न्हाईत बघा."

"हाव सर," तनुजा म्हणाली. टेबल राहिलं.

नवी तुकडी आली. सरांनी साधी प्लेट ठेवली, काय दिसतं ते विचारलं. तिने डोळा लावून सांगितलं, "जीन बसला सर."

"असं न्हाई," सर म्हणाले. "त्या दिवशी आवाज कापत होता तुमचा. तसा काढा."

तनुजा पुन्हा वाकली. या खेपेला कापरा आवाज मुद्दाम काढावा लागला नाही.