रंगाऱ्याचं शून्य

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, आणि माझं गणित आजवर एकदाही चुकलेलं नाही. ही फुशारकी नव्हे बरं का. चुकलं असतं तर सगळे मला दोष देऊन मोकळे झाले असते, आणि मलाही शांत पडून राहता आलं असतं. पण माझ्या कपाळावर उजेडावर चालणारी काळी पट्टी आहे आणि मला बंद करायचं बटणच नाही. खिडकीतून उजेड आला की मी जागा होतो, आणि जागा झालो की मला तो एकाचा आकडा आठवतो.

तुमच्या कॅल्क्युलेटरवर कदाचित नसतील, पण माझ्या अंगावर दोन छोटी सरकती बटणं आहेत. पहिलं ठरवतं, दशांश चिन्हानंतर किती आकडे दाखवायचे: आठ, तीन, दोन, की एकही नाही. दुसरं ठरवतं, उरलेल्या तुकड्याचं काय करायचं. त्याचा बाण वर असला की तुकडा केवढाही असो, मी उत्तर पुढच्या आकड्यावर ढकलतो. सहा पूर्णांक एक आले तरी सात म्हणतो. ही दोन बटणं तेवढी लक्षात ठेवा, बाकी माझ्यात समजायला अवघड असं काही नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका रांगेत बसायच्या. त्यांतल्या एकीने माझी एकूण एक कळ दाबून पाहिली, मला फडक्याने पुसलं आणि "हा चांगला आहे" म्हणून पुढे सरकवलं. तिथून मी आलो तो थेट एका रंगाऱ्याच्या पिशवीत.

रंगारी म्हणजे भिंती रंगवणारा. माणूस लाखात एक, पण मोजमापाच्या नावाने आनंदीआनंद! खोलीत शिरला की पावलं टाकत लांबी मोजायचा, मान वर करून उंचीचा अंदाज घ्यायचा आणि माझ्या कळा दाबायचा. मी चार पूर्णांक दोन डबे असं काही दाखवलं की तो वैतागायचा. "अरे बाबा, पाव डबा मला कोण देणार आहे?" असं म्हणून एके दिवशी त्याने माझं पहिलं बटण शून्यावर सरकवलं आणि दुसऱ्याचा बाण वर केला. तेव्हापासून मी चार पूर्णांक दोनला पाच म्हणू लागलो. रंग कधी कमी पडला नाही. उरलेल्या रंगात तो घरची स्टुलं आणि दारं रंगवायचा. "हा माझा मुकादम आहे," असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि मला तेव्हा फार बरं वाटायचं.

शेजारी एक टर्नर राहायचा. तो लेथवर लोखंडाचे भाग कातायचा. त्याला केसाहून बारीक फरकसुद्धा चालायचा नाही. कधीमधी तो मला मागून न्यायचा, तीन आकड्यांवर लावायचा आणि रंगाऱ्याला चिडवायचा, "तुझ्या या शून्यावर माझं बेअरिंग जन्मात बसायचं नाही."

"आणि तुझ्या तीन आकड्यांनी माझी भिंत लवकर वाळायची नाही. आण इकडे!" रंगारी म्हणायचा.

दोघं हसायचे. दोघांचंही बरोबर होतं. टर्नरची एक सवय मात्र मला आज पुन्हा पुन्हा आठवते. परत देताना तो माझी बटणं होती तशी लावून द्यायचा. रंगाऱ्याला अशी सवय लागायचं काही कारणच नव्हतं, कारण मी त्याचाच होतो.

मग त्याची मुलगी नर्स झाली. मुलांच्या इस्पितळात तिला नोकरी लागली तेव्हा त्याने मला स्वच्छ पुसून तिच्या हातात ठेवलं. "शून्यावरच ठेव, डोक्याला ताप नाही," तो म्हणाला.

"बाबा, तिथे थेंबाथेंबाने मोजायचं असतं," ती हसून म्हणाली, आणि तिने मला दोन आकड्यांवर आणलं.

आधी ती मोठ्या मुलांच्या वॉर्डात होती. तिथे एक एमएल, दोन एमएल औषध सर्रास दिलं जायचं. वर्षभराने तिला नवजात बाळांच्या खोलीत पाठवलं. तिथली बाळं काचेच्या पेट्यांत असायची आणि त्यांची बोटं काडेपेटीतल्या काड्यांएवढी. ती माझ्या कळासुद्धा हळू दाबायची, जणू आवाजाने कोणी उठेल. मोठ्या सिस्टर सहसा कोणाचं कौतुक करत नसत. पण एकदा त्या म्हणाल्या, "ही मुलगी मोजते नीट." तिने घरी जाऊन बाबांना ते तीनदा सांगितलं.

तिला त्या खोलीत दोन आठवडे झाले असतील. एका सुट्टीच्या दिवशी रंगाऱ्याला एका शाळेचं काम मिळालं. चाळीस खोल्या! त्याने लेकीच्या पर्समधून मला काढलं, शाळेत नेलं, सगळे डबे मोजले आणि संध्याकाळी पुन्हा पर्समध्ये ठेवलं. ठेवण्याआधी माझ्यावरचा चुना त्याने आपल्या शर्टाला पुसला. बटणांचं त्याच्या लक्षात आलं नाही. मी शून्यावर होतो आणि बाण वर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत अकरा बाळं होती आणि नर्स दोनच. एका नव्या बाळाला औषध सुरू करायचं होतं. मुलगी होती, वजन एक पूर्णांक नऊ किलो. रंगाऱ्याच्या लेकीने वजन दाबलं, दर किलोला पाच मिलिग्रॅम म्हणून पाचाने गुणलं, एका एमएलमध्ये चाळीस मिलिग्रॅम औषध असतं म्हणून चाळीसने भागलं. माझ्या पोटात उत्तर आलं, शून्य पूर्णांक दोन तीन सात पाच. म्हणजे पाव एमएलसुद्धा नाही. मित्रांनो, मला खरा आकडा ठाऊक होता! पण माझ्या काचेवर उमटला तो एक.

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. पूर्ण आकडा आला की माणसाला बरं वाटतं, हे मी आयुष्यभर पाहत आलोय. तिने तक्त्यावर एक लिहिला. नियमाप्रमाणे दुसऱ्या नर्सने तपासलं. गुणाकार कशाचा, भागाकार कशाचा, सगळी मांडणी बरोबर होती. तिने मांडणी पाहिली, उत्तर पुन्हा काढलं नाही, आणि सही केली. पुढच्या पाळीने तक्ता वाचून दिलं, त्याच्या पुढच्या पाळीनेही तेच केलं. चौथ्या वेळी मोठ्या सिस्टरांनी भरलेली सिरिंज उजेडात धरली आणि त्या ओरडल्या, "अगं, एवढं कुणाला देताय? एवढुशा जिवाला?"

बाळ वाचलं. पण त्या औषधाने कानावर परिणाम होतो, असं डॉक्टर दबक्या आवाजात बोलत होते. काही महिन्यांनी बाळाची आई तिला तपासायला घेऊन आली. तिने लेकीच्या पाठीमागे टाळी वाजवली. मग आणखी जोरात वाजवली. बाळ समोरच्या पडद्याकडे बघून हसत राहिलं. मी टेबलावर पडलो होतो, आणि खोलीतले सगळेजण त्या टाळीने दचकले होते.

चौकशीत नर्सला विचारलं, बटण शून्यावर कसं गेलं? ती म्हणाली, "मी बघितलं नाही. माझंच चुकलं." वडिलांचं नाव तिने काढलं नाही. मला तिथेच टेबलावर ठेवलं होतं, पण मला कोणी काही विचारलं नाही.

तिने नोकरी सोडली आणि मला आठ आकड्यांवर लावलं. तेव्हापासून ती घरात सगळं मोजू लागली. चहाची साखर काट्यावर, भाताचं पाणी मापाच्या नळीने. बाबांना थोडी कणकण आली तर तासातासाला थर्मामीटर, आणि त्याची सरासरी माझ्यावर, आठ आकड्यांपर्यंत. "पोरी, चहा गार झाला गं," ते म्हणायचे. ती ऐकायची नाही. ती माझ्यावर पुन्हा पुन्हा एकच गणित करायची, एक पूर्णांक नऊ गुणिले पाच, भागिले चाळीस. मी दर वेळी तिला खरा आकडा दाखवायचो. आता त्याचा कुणाला काय उपयोग होता!

एका दुपारी रंगारी माझ्यासमोर येऊन बसला. त्याने माझं बटण शून्यावर नेलं, मग दोनवर, मग पुन्हा शून्यावर.

"ती शाळा..." तो म्हणाला. "शाळेचं काम मी आदल्याच दिवशी केलं होतं. याला परत ठेवलं तेव्हा बटण कुठे होतं गं?"

तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "दोनवर होतं, बाबा. मी पर्स उघडल्या उघडल्या बघितलं होतं."

"नक्की?"

"अगदी नक्की."

मग त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत जाऊन आडवा झाला. ती ओट्यापाशी तोंड फिरवून रडली. खरं फक्त तिला आणि मला ठाऊक होतं, आणि मला बोलता येत नाही. नंतर रंगारी गेला. जाताना त्याच्या मनावर ते ओझं नव्हतं, एवढं तरी झालं.

मित्रांनो, मी तुम्हाला सगळं आठ आकड्यांपर्यंत मोजा असं सांगणार नाही. भिंतीला पूर्ण डबा चालतो. टर्नरला तीन आकडे लागतात. बाळाच्या औषधात अर्ध्या थेंबाचीही विचारपूस करावी लागते. मोजण्याआधी, आपण कोणासाठी मोजतोय, हे एकदा स्वतःला विचारा. गोल आकडा दिसला की लगेच खूश होऊ नका. आणि दुसऱ्याची वस्तू परत देताना ती होती तशी करून द्या, मग ती घरच्याच माणसाची का असेना.

ती मुलगी आता सात वर्षांची झाली असेल, कुठल्यातरी शाळेत जात असेल. तुमच्याच वर्गात असली तर तिला मागून हाक मारू नका. जरा उठा, तिच्या समोर जाऊन उभे राहा, आणि मग बोला.